प्लग नवे, फिल्टर नवा, तरी गाडी पेट्रोल पितेच

प्रश्न : दादा, माझी २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, १.२ लिटर इंजिन, ७८ हजार किलोमीटर झालेत. रोज कासारवडवली ते महापे, कळवा-विटाव्यावरून. आधी १४ चं ॲव्हरेज द्यायची, आता साडेनऊ. सिग्नलला थरथरते, मधेच मिसिंग मारते, मागे उभं राहिलं की पेट्रोलचा वास येतो. चेक इंजिनचा दिवा मात्र लागत नाही. तीन महिन्यांपूर्वी प्लग आणि एअर फिल्टर बदलले, इंजेक्टर क्लीनिंग केलं, साडेसहा हजार गेले, फरक शून्य. आता मेकॅनिक म्हणतो ऑक्सिजन सेन्सर टाकू, ऑफिसातले म्हणतात वीस टक्के इथेनॉलवाल्या ई-२० पेट्रोलमुळे होतंय. बाकी काही त्रास नाही, मे महिन्यात गायमुख घाटात ट्रॅफिकमध्ये गरम झाली होती तेव्हा गॅरेजवाल्याने एक व्हॉल्व काढून टाकला, त्यानंतर कधी गरम झाली नाही. काय करू?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : अहो, "बाकी काही त्रास नाही" म्हणून जे जाता जाता सांगितलंत ना, मला तरी दुखणं तिथेच दिसतंय.

तो व्हॉल्व म्हणजे थर्मोस्टॅट. इंजिन गार असताना तो बंद राहून कूलंटला, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याला, रेडिएटरकडे जाऊ देत नाही म्हणून इंजिन पटकन तापतं, आणि साधारण ८२ ते ८८ डिग्रीला तो उघडतो. काढूनच टाकला की कूलंट पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरत बसतं, रस्ता मोकळा मिळाला की इंजिन ६०-६५ वरच घुटमळतं, आणि ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, वाटतं गाडी आत्ताच स्टार्ट झालीय, सोडा जास्त पेट्रोल. ज्यांनी जुनी पद्मिनी चालवलीय त्यांना लगेच कळेल, गार इंजिनला जास्त पेट्रोल द्यायचा चोक ओढून ठेवून रोज महाप्याला जाण्यातला प्रकार आहे हा. चेक इंजिनचा दिवा लागत नाही कारण तापमानाचा सेन्सर खोटं बोलतच नाहीये, इंजिन खरंच गार आहे. तोच न्याय धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या त्या ऑक्सिजन सेन्सरला, तपासल्याशिवाय त्याच्यावर पैसे घालू नका.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः बघा. एक प्लग काढायला लावा. टोक फिकट तपकिरी असेल तर माझं चुकलं, पण तीन महिन्यांच्या प्लगवर बोटाला लागेल अशी कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय हे नक्की, आणि मिसिंगही त्यामुळेच. मग रविवारी सकाळी सहाला पाम बीच रोडला जा, वीस मिनिटं एका स्पीडने चालवा आणि हीटर लावा. ठाण्यात हीटर कोण लावतं म्हणा, पण टेस्ट फुकट आहे! हवा कोमटच आली तर समजा इंजिन नीट तापतच नाहीये. डॅशबोर्डवर गार इंजिनचा निळा दिवा असेल तर तो विझून परत लागतोय का तेही बघा. ब्लूटूथवाला छोटा स्कॅनर कोणाकडे असला तर स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावून मोबाईलवर कूलंटचा आकडा सरळ वाचता येतो, तो ८५ ते ९५ च्या मधे हवा.

ई-२० चं म्हणाल तर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणजे १४ मधला फार तर एक किलोमीटर तिकडे गेला, साडेचार नाही. सगळं थर्मोस्टॅटनेच खाल्लं असंही मी म्हणत नाही. विटाव्याच्या जॅममध्ये एसी लावून उभं राहिलात की तासाला पाऊण-एक लिटर तसंच जळतं. टायरची हवा बघा, आणि ऑफिसला पोचल्यावर चारही चाकांजवळ हात नेऊन बघा, एखादं जास्त तापलं असेल तर ब्रेक धरून राहतोय. आणि साडेनऊचा आकडा डिस्प्लेवरचा असेल तर सोडून द्या, टाकी फुल करून, तीनशे किलोमीटर चालवून, त्याच पंपावर परत फुल करून काढा.

आता महत्त्वाचं. गाडी घाटात गरम का झाली हे कोणी शोधलंच नाही! सरपटत्या ट्रॅफिकमध्ये समोरून वारा येत नाही, तिथे सगळी भिस्त रेडिएटरच्या फॅनवर असते, त्यामुळे माझा पहिला संशय फॅनची मोटर, रिले किंवा फ्यूज. एसी लावून उभ्या गाडीत बॉनेट उघडून बघा फॅन फिरतो का. कूलंट आहे की नळाचं पाणी भरलंय तेही बघा, पण गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका. डिपस्टिकला, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीला, पेट्रोलचा वास येत असेल तर ऑइलही बदलून घ्या, जास्तीचं पेट्रोल खाली ऑइलमध्ये उतरतं.

फॅन ठीक झाला की मगच नवा थर्मोस्टॅट बसवा, प्लग साफ करून परत लावा. उलटं केलंत तर येत्या मे महिन्यात गायमुखला परत बॉनेट उघडून उभे दिसाल.