निवडणूक हरलेल्या विरोधी पक्षाचं विधानसभेत काम तरी काय असतं?

तुम्ही पुढे असंही विचारलंय, की गुजरातेत विरोधी पक्षनेताच नाही, तरी राज्य चाललंय, मग त्याच्यावाचून अडतं काय? मी बडोद्याचा. दांडिया बाजारात वाढलो आणि एका सरकारी खात्याच्या जिल्हा कचेरीतून निवृत्त झालो. विधानसभा मी टीव्हीवर कमी आणि टेबलावर जास्त पाहिली.

टेबलावर ती अशी यायची. अधिवेशन जवळ आलं की गांधीनगरहून तारांकित प्रश्नाचा कागद: अमुक तालुक्यात दोन वर्षांत अर्ज किती आले, निकाली किती, पडून किती, आणि का? त्या शेवटच्या 'का'नं सगळ्यांची झोप उडायची. एरवी धूळ खाणारी फाईल साहेब स्वतः मागवायचे. एकदा तर वर्षानुवर्षं अडलेली चाळीसेक प्रकरणं आठवड्यात मार्गी लागली, कारण 'प्रलंबित'च्या रकान्यात मोठा आकडा लिहायची कुणाची छाती होईना. ज्यांची कामं झाली, त्यांना प्रश्न विचारणारा आमदार कोण हे कधी कळलंही नसेल.

तारांकित प्रश्नाला मंत्र्यानं सभागृहात तोंडी उत्तर द्यायचं असतं आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. खरी गोम तिथेच. मूळ उत्तर आमच्यासारख्यांनी घासूनपुसून दिलेलं असतं, उपप्रश्न मात्र मंत्र्याला स्वतः पेलावा लागतो. म्हणून आम्ही सोबत टिपण जोडायचो, असं विचारलं तर असं सांगावं. सत्ताधारी आमदारही प्रश्न विचारतात, काही चांगलेही. पण आपल्याच मंत्र्याला एकामागून एक उपप्रश्न विचारून कोंडीत पकडणारा माझ्या तरी पाहण्यात नाही. आणि विरोधकांचीही चूक सांगतो. त्यांनी सभात्याग केल्याची बातमी आली की आमच्या कचेरीत चहा मागवला जायचा! टीव्हीवर सभात्याग जोरदार दिसतो, पण उपप्रश्न विचारायला बाकावर कुणी उरत नाही.

आता विरोधी पक्षनेत्याचं. 2022मध्ये 182 जागांपैकी भाजपला 156, काँग्रेसला 17, आम आदमी पक्षाला 5. या पदासाठी सभागृहाचा दहावा हिस्सा लागतो असा दंडक, म्हणून काँग्रेसला 19 हवे होते, दोन कमी पडले आणि पद दिलं गेलं नाही. या दंडकाचं मूळ एका बडोद्यात जन्मलेल्या मराठी माणसाकडे जातं. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळणकर, जन्म 1888. सभागृहात पक्ष म्हणून मान्यता हवी तर निदान गणपूर्तीइतकं (कामकाज चालायला लागणाऱ्या किमान हजेरीइतकं), म्हणजे दहाव्या हिश्शाइतकं, संख्याबळ हवं असा त्यांचा हिशोब. पण हा आकडा म्हणजे काही दगडावरची रेघ नव्हे. दिल्लीत 2015मध्ये 70 पैकी भाजपचे तिघेच होते, तरी अध्यक्षांनी विजेंद्र गुप्तांना विरोधी पक्षनेता मानलं.

पद म्हटलं की लोकांना गाडी-बंगला आठवतो. मला आठवतो तो हाताखालचा कर्मचारीवर्ग. अर्थसंकल्पाचे गठ्ठे आणि सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगचा अहवाल एकट्या आमदारानं वाचायचा तरी कधी? त्यात कॅगचे अहवाल इथे बरेचदा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी मांडले जातात. शिवाय राज्य मानवाधिकार आयोग नेमणाऱ्या समितीत विरोधी पक्षनेत्याची खुर्ची आहे. माहिती आयोगाच्या बाबतीत माहिती अधिकाराच्या कायद्यानं मात्र आधीच शहाणपण केलंय. विरोधी पक्षनेता नसेल तर सर्वांत मोठ्या विरोधी गटाचा नेता त्या जागी बसतो.

आणि विरोधी बाकांवरचा आहे तो आकडाही टिकत नाही. आमच्या शेजारच्या वाघोडियातून अपक्ष निवडून आलेले आमदार जानेवारी 2024मध्ये राजीनामा देऊन सत्ताधारी पक्षात गेले आणि पोटनिवडणुकीत परत तेच निवडून आले. मतदारांनीच पुन्हा निवडून दिलं, त्यामुळे तक्रार कुणाची करायची!

ऑगस्ट 2024मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा मला या सगळ्याची फार आठवण झाली. शहराच्या पाचही जागा सत्ताधाऱ्यांकडे. आमचे आमदार चिखलात उतरून फिरले, नाही असं नाही. पण नदीपात्रातल्या बांधकामांना किती नोटिसा गेल्या, त्यांपैकी किती पाडली, हे सभागृहात आपल्याच सरकारला खोदून कोण विचारणार?

तुम्हाला खरंच काही विचारून घ्यायचं असेल तर एक करा. आमदाराला दुसऱ्या जिल्ह्याबद्दलही प्रश्न विचारता येतो. तेव्हा आपला आमदार कुणाचा हे न पाहता, जो विरोधी आमदार नेमानं प्रश्न देतो त्याला पत्र लिहा. पत्र एका पानाचंच ठेवा, गाव, वर्ष आणि आकडे स्पष्ट मागा. 'का' शेवटी लिहा.