वृद्धनिवासाचा खर्च : आधी एवढंच बघा

घाबरू नका, सुरुवातीला सगळ्यांचाच गोंधळ उडतो. पहिली चूक म्हणजे नुसत्या मासिक शुल्कावर हिशोब मांडणं. डायपर, औषधं, फिजिओथेरपी, रात्रीची मदतनीस त्यात धरलीय का, हे लेखी घ्या. दरवाढही विचारा, वर्षाला 8 टक्के म्हटलं तरी 9 वर्षांत रक्कम दुप्पट होते.

- अनामत कधी परत, किती कापून?
- रुग्णालयात असताना खोलीचे पैसे चालूच? (आम्ही विचारलं नव्हतं. दोन महिने दोन्हीकडे भरले.)

आधी आई-वडिलांचं पेन्शन आणि ठेवी, मग तुमचा खिसा. यात अपराधी वाटून घेऊ नका. त्यांच्या वतीने बँकेचे व्यवहार करायचे अधिकार त्यांना नीट समजतंय तोवरच लिहून घ्या. भावंडांचा वाटाही तोंडी नको. करसवलतीचं नंतर बघू.