नवा राउटर घेतल्याने पाने लवकर उघडतील का?

प्रश्न : नाशिकमध्ये तिसऱ्या मजल्यावर आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. घरात १०० एमबीपीएसचे फायबर कनेक्शन असून कंपनीने चार वर्षांपूर्वी बसवलेला वाय-फायचा डबा हॉलमध्ये टीव्हीच्या मागे आहे. हॉलमध्ये बसून मोबाईलवर स्पीड टेस्ट केली की कधीही ८५ ते ९० हा आकडा येतो. परंतु रात्री आठ-नऊनंतर त्याच जागी बातम्यांची किंवा बँकेची पाने उघडताना बराच वेळ नुसता पांढरा पडदा दिसतो. मागच्या बेडरूममध्ये मुलगी घरून काम करते, तिथे मात्र दिवसाही नेट अडखळते. दुकानदाराने साडेसहा हजारांचा वाय-फाय ६ राउटर सुचवला आहे. तो घ्यावा का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : तूर्त घेऊ नये. आपल्या पत्रात दोन निरनिराळ्या तक्रारी एकत्र आल्या आहेत आणि त्यांची कारणेही बहुधा निरनिराळी आहेत. बेडरूममध्ये दिवसभर येणारा अडथळा वाय-फायचा असण्याची शक्यता मोठी आहे. हॉलमध्ये, डब्याच्या शेजारी, स्पीड टेस्ट उत्तम येत असताना केवळ रात्री जाणवणारा संथपणा वाय-फायचा असण्याची शक्यता थोडी आहे. नवा राउटर मुख्यतः डब्यापासून आपल्या मोबाईल किंवा लॅपटॉपपर्यंतचा टप्पा सुधारतो. त्याच्या पलीकडे फायबर, कंपनीचे जाळे आणि त्या संकेतस्थळाचा सर्व्हर असतो, तर अलीकडे आपला स्वतःचा संगणक असतो. यांपैकी कुठे वेळ जातो आहे हे ठरवण्याआधी पैसे खर्च करणे म्हणजे निदानाआधी औषध घेणे होय.

स्पीड टेस्टमध्ये ९० येऊनही पान उशिरा का उघडते, हा आपल्या पत्रातला खरा प्रश्न आहे. १०० एमबीपीएस याचा अर्थ सेकंदाला सुमारे साडेबारा मेगाबाइट एवढा मजकूर येऊ शकतो. बातम्यांचे एक पान साधारणपणे काही मेगाबाइटचे असते, त्यामुळे केवळ वाहून आणण्याचाच प्रश्न असता तर ते सेकंदाच्या आत समोर आले असते. प्रत्यक्षात मात्र ब्राउझरला आधी त्या संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकी पत्ता शोधावा लागतो, मग सर्व्हरशी जोडणी करावी लागते, ती सुरक्षित करण्यासाठी सांकेतिक देवाणघेवाण करावी लागते, आणि त्यानंतर चित्रे, अक्षरवळणे (फॉन्ट), जाहिराती अशा कित्येक फायली वेगवेगळ्या सर्व्हरकडून मागवाव्या लागतात. यातल्या प्रत्येक पायरीला निरोप जाऊन उत्तर परत येण्याइतका वेळ लागतो. हा वेळ मिलिसेकंदांत मोजतात आणि त्या मोजणीला पिंग म्हणतात. गूगलमध्ये काम करणाऱ्या माइक बेल्शे यांनी २०१० मध्ये मोजमाप करून दाखवले होते, की ५ एमबीपीएसच्या पुढे वेग वाढवत नेला तरी पान उघडण्याचा वेळ फारसा घटत नाही. उलट निरोपाच्या फेरीचा वेळ कमी केला, की पान जवळजवळ त्याच प्रमाणात लवकर उघडते. आजची पाने तेव्हापेक्षा जड झाली आहेत, त्यामुळे ५ हा आकडा आज जसाच्या तसा धरू नये, पण मूळ निष्कर्ष बदललेला नाही. म्हणून १००चा प्लॅन ३००चा करण्याचा सल्ला कोणी दिला, तर तोही आपल्या तक्रारीवरचा उपाय नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. स्पीड टेस्ट आपल्याला सर्वांत जवळचा सर्व्हर निवडून देते, आणि तो पुष्कळदा आपल्या कंपनीच्याच जाळ्यात असतो. कंपनीच्या जाळ्यातून बाहेर पडण्याच्या ठिकाणी रात्री गर्दी होत असेल, तर ती या चाचणीत दिसतच नाही. त्यामुळे रात्री चाचणी घेताना मुद्दाम दुसऱ्या शहरातला आणि दुसऱ्या कंपनीचा सर्व्हर निवडून पाहावा. अंतराचाही वाटा असतोच. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, त्यामुळे ज्या संकेतस्थळाचा सर्व्हर अमेरिकेत आहे, त्याच्याकडे निरोप जाऊन येण्यास मुंबईहून दोनशे मिलिसेकंदांच्या आसपास किंवा त्याहून अधिक वेळ लागणारच, मग घरात कोणताही राउटर असो.

आता तपासणीकडे वळू. रात्री पाने अडखळत असतानाच लॅपटॉप लॅन केबलने थेट डब्याला जोडावा आणि त्याचे वाय-फाय बंद करावे. लॅपटॉपला लॅनची खाच नसेल तर यूएसबीला लावायचा छोटा जोड बाजारात मिळतो. केबल लावल्यावर पाने झटकन उघडू लागली, तर दोष वाय-फायचा आहे आणि राउटरचा विचार करण्यास जागा आहे. केबल लावूनही पांढरा पडदा तसाच राहिला, तर वाय-फाय निर्दोष आहे आणि साडेसहा हजार रुपये वाचले.

त्यापुढची तपासणी मला अधिक महत्त्वाची वाटते, कारण घरगुती तक्रारींमध्ये हेच कारण सर्वाधिक दुर्लक्षिले जाते. घरातील सर्व उपकरणे थोडा वेळ वाय-फायवरून काढून पिंग मोजावे, आणि नंतर सर्व जोडून, एखादी मोठी फाइल इंटरनेटवरील साठवणीत (क्लाउडवर) चढवत, म्हणजे अपलोड करत असताना, ते पुन्हा मोजावे. एरवी १० ते २० मिलिसेकंद दिसणारा आकडा चढवण्याच्या वेळी दोनशे-तीनशेवर गेला, तर कारण हाती लागले. बाहेर जाणारी वाट एखाद्या मोठ्या फायलीने भरून टाकली, की माहितीची पुढची पाकिटे डब्यातल्या स्मृतीत रांगेत उभी राहतात. आपण उघडू पाहत असलेल्या पानाची छोटीशी मागणीही त्याच रांगेच्या शेवटी जाऊन थांबते. उतरवण्याचा वेग मोजणाऱ्या आकड्यात हे दिसत नाही, पण प्रत्येक पान मात्र उशिरा सुरू होते. आणि हे रात्रीच घडण्याचे कारण अगदी घरगुती आहे : कामावरून आलेल्या माणसांचे मोबाईल त्याच सुमारास चार्जिंगला लागतात, वाय-फाय पकडतात आणि दिवसभराचे फोटो व व्हिडिओ आपोआप चढवू लागतात. दाराबाहेरचा कॅमेरा चित्रण इंटरनेटवर साठवत असेल, तर त्याचीही भर पडते. ज्या प्लॅनमध्ये चढवण्याचा वेग उतरवण्यापेक्षा कमी दिलेला असतो, तिथे ही रांग फार लवकर लागते.

यावर पहिला उपाय फुकट आहे : मोबाईलमधील फोटोंचा आपोआप बॅकअप थांबवून पाहावा, आणि फरक पडला तर तो मध्यरात्रीनंतर होईल अशी व्यवस्था करावी. ते शक्य नसेल तर मात्र चांगल्या राउटरचा खरोखर उपयोग होतो, परंतु तो वाय-फाय ६ आहे म्हणून नव्हे. काही राउटरमध्ये रांगेचे नियमन करणारी सोय असते. तिला एसक्यूएम म्हणतात. तिच्यात आपल्या मोजलेल्या वेगाच्या ९० टक्क्यांच्या आसपास मर्यादा घालून दिली, की रांग लांबत नाही आणि लहान मागण्या पुढे सरकत राहतात. दुकानात ॲन्टेना किती आहेत हे विचारण्याआधी ही सोय आहे का, हे विचारावे. साडेसहा हजारांच्या प्रत्येक राउटरमध्ये ती असतेच असे नाही.

दोन छोट्या तपासण्या याच बैठकीत उरकून घ्याव्यात. नावावरून पत्ता शोधणारी डीएनएस सेवा संथ असेल, तर पान सुरू होण्याआधीच वेळ जातो. लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये कंपनीच्या डीएनएसऐवजी गूगलचा ८.८.८.८ किंवा क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ घालून पाहावा. तसेच त्याच लॅपटॉपवर, त्याच वेळी, तेच पान मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून उघडावे. तिथेही पडदा पांढराच राहिला, तर एक तर ते संकेतस्थळच त्या वेळी दमलेले आहे किंवा लॅपटॉप. चार जीबी रॅम, जुनी हार्ड डिस्क आणि ब्राउझरला जोडलेली डझनभर एक्स्टेंशन्स यांमुळे लागणारा वेळ लोक सर्रास नेटच्या नावावर टाकतात.

वरील सर्व तपासण्यांनंतर, केबल लावून आणि घरात दुसरा कोणताही भार नसताना, केवळ रात्रीच संथपणा उरत असेल, तर दोष कंपनीकडे किंवा तिच्या स्थानिक केबल ऑपरेटरकडे आहे. फायबरच्या प्रचलित जीपॉन पद्धतीत सुमारे अडीच जीबीपीएसची एक वाट सहसा ३२ किंवा ६४ घरांत वाटलेली असते. सगळी घरे एकाच क्षणी पूर्ण वेग वापरत नाहीत, त्यामुळे तेवढ्याने सहसा अडत नाही; अडते ते ऑपरेटरने पुढून घेतलेली क्षमता ग्राहकांच्या मानाने अपुरी असली म्हणजे. चार-पाच रात्रींच्या वेळा आणि पिंगचे आकडे लिहून ठेवून तक्रार नोंदवावी आणि तक्रारीचा क्रमांक अवश्य घ्यावा. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ट्रायच्या, २०१२ च्या तक्रार निवारण नियमांनुसार कंपनीच्या तक्रार केंद्राने समाधान केले नाही, तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे दाद मागता येते, आणि तिथे हा क्रमांक लागतो. ग्राहक या पायरीपर्यंत फारसे जातच नाहीत, याचे मला वाईट वाटते. तो आपला हक्क आहे.

राहिली मुलीच्या खोलीची गोष्ट. टीव्हीचा मागचा भाग ही वाय-फायसाठी घरातल्या सर्वांत वाईट जागांपैकी एक आहे, कारण टीव्हीतील धातूचा पत्रा लहरी अडवतो. डबा बाहेर काढून, उंचावर, शक्यतो बेडरूमकडे जाणाऱ्या पॅसेजच्या तोंडाशी ठेवावा. फायबरची पिवळी किंवा पांढरी तार फार वाकवली तर प्रकाश गळतो, म्हणून जागा लांबची असेल तर कंपनीच्या माणसाकडूनच डबा हलवून घ्यावा. मग मुलीचा लॅपटॉप लहरींच्या कोणत्या पट्ट्यावर (बँडवर) जोडला जातो ते पाहावे. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भिंतीपलीकडे दूरवर पोहोचतो, पण सोसायटीतल्या प्रत्येक घराचे वाय-फाय, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हन हे सगळे तिथेच गर्दी करतात, आणि त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल १, ६ आणि ११ असे तीनच असतात. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा मोकळा आणि वेगवान असतो, मात्र दोन भिंतींपलीकडे तो बराच क्षीण होतो. जागा बदलूनही तो बेडरूममध्ये पोहोचत नसेल, तर हॉलपासून तिथपर्यंत लॅन केबल टाकून टोकाला एक छोटा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे केबलने आलेले नेट वाय-फायने पसरवणारा डबा, बसवावा. याचा खर्च साडेसहा हजारांहून बराच कमी येतो आणि घरून काम करणाऱ्या व्यक्तीला याइतका भरवशाचा दुसरा उपाय नाही.

चार वर्षांपूर्वीचा आपला डबा केवळ २.४ गिगाहर्ट्झवर चालणारा निघाला, तर बदलणे योग्य ठरेल. आधी कंपनीकडेच दोन पट्ट्यांचा डबा मागावा. जुना डबा रोज बंद-चालू करावा लागत असेल तरीही बदलावा, परंतु त्याआधी त्याचा ॲडॅप्टर बदलून पाहावा, कारण कमजोर ॲडॅप्टरमुळे डबा आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतो. वाय-फाय ६ चा लाभ मोबाईल आणि लॅपटॉपही त्याच पिढीचे असतील तरच पूर्ण मिळतो. शिवाय फायबरची तार नव्या राउटरला थेट लागत नाही. कंपनीचा डबा तसाच ठेवून त्याच्या पुढे राउटर जोडावा लागतो. तसे केल्यास जुन्या डब्याचे वाय-फाय बंद करावे, नाहीतर दोन्ही एकमेकांना अडथळा करतील.

प्रश्न : चिपळूणजवळ आमचे जांभ्याच्या चिऱ्यांचे जुने घर आहे. मागच्या पडवीत रेंज येत नव्हती म्हणून रिपीटर आणला. आता रेंजचे सगळे दांडे दिसतात, पण पाने पूर्वीसारखीच रखडतात. अधिक महाग रिपीटर घ्यावा का? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : दांडे दिसतात ते मोबाईल आणि रिपीटर यांच्यातल्या रेंजचे. रिपीटरला स्वतःला राउटरकडून किती मिळते आहे, हे त्यांवरून कळत नाही. आपण तो पडवीतच लावला असेल, तर त्याला मुळात जे क्षीण येते तेच तो पुढे देतो. शिवाय एकाच पट्ट्यावरचा रिपीटर ऐकणे आणि बोलणे एकाच रेडिओवर करतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. तो पडवीतून काढून, राउटर जिथे चांगला मिळतो अशा मधल्या खोलीत, शक्यतो दाराच्या रेषेत लावून पाहावा. जाड चिऱ्यांच्या भिंतीपेक्षा उघड्या दारातून लहरी सहज जातात. त्यानेही भागले नाही, तर महाग रिपीटरऐवजी पडवीपर्यंत लॅन केबल नेणे श्रेयस्कर. मात्र केबल अंगणातून गोठ्याकडे किंवा दुसऱ्या घराकडे न्यायची असेल, तर तांब्याची लॅन केबल वापरू नये. कोकणातल्या विजांच्या दिवसांत अशा केबलमधून येणारा दाब दोन्ही टोकांची उपकरणे जाळू शकतो. दोन इमारतींमध्ये फायबरची तार टाकून दोन्हीकडे मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबर आणि लॅन केबल यांना जोडणारे छोटे डबे, बसवावेत. काचेच्या तंतूतून वीज जात नाही.

प्रश्न : माझा प्लॅन २०० एमबीपीएसचा आणि राउटरवर ३०० लिहिलेले आहे, तरी केबल लावूनही ९४च्या वर आकडा जात नाही. कंपनी फसवते आहे का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : बहुधा नाही. राउटरवरचे ३०० हे वाय-फायचे कागदावरचे गणित असते. अशा स्वस्त राउटरच्या लॅनच्या खाचा पुष्कळदा १०० एमबीपीएसच्याच असतात, आणि त्यातून प्रत्यक्षात ९४-९५ एवढेच मिळते. आधी केबल बदलून पाहावी, कारण आतल्या आठ तारांपैकी चारच नीट जोडलेल्या असतील तरी हाच आकडा येतो. केबल चांगली असून लॅपटॉपची खाचही एक गिगाबिटची असेल, तर इथे गिगाबिट खाचांचा राउटर घेणे हाच उपाय आहे. त्याने मोठ्या फायली दुपटीने लवकर उतरतील. पाने उघडण्याच्या वेळात मात्र जाणवण्याजोगा फरक पडणार नाही.