वाचकांचे प्रश्न : स्पोर्ट्स कारची इंजिन माउंटिंग्ज कोणती घ्यावीत?

प्रश्न : नोकरीनिमित्त मी बर्मिंगहॅम येथे राहतो. माझ्याकडे १९९५ सालची, १.८ लिटर इंजिनाची मझदा एमएक्स-५ ही दोन आसनी गाडी आहे. सिग्नलला गाडी उभी असताना स्टिअरिंग आणि डॅशबोर्ड थरथरतात, आणि ॲक्सिलरेटर एकदम सोडला की गिअरचा दांडा झोकांडी खातो. इंजिन माउंटिंग्ज (इंजिन ज्यांवर टेकलेले असते ते रबरी आधार) गेली आहेत, असे गॅरेजवाल्यांचे म्हणणे असून ते पॉलियुरेथेन या अधिक कडक कृत्रिम पदार्थाची माउंटिंग्ज सुचवतात. गाडी बहुधा शनिवार-रविवारी वेल्सच्या घाटरस्त्यांवर चालवली जाते आणि वर्षाकाठी एखादवेळी ट्रॅकवर नेली जाते. कोणती माउंटिंग्ज निवडावीत?

उत्तर : आपण वर्णन केलेल्या वापरासाठी मूळ प्रकारच्या नव्या रबरी माउंटिंग्जची जोडी घ्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. ट्रॅकवरचे फेरे पुढे वाढणार असतील तर मझदाच्या स्पर्धा विभागाची, त्याच आकाराची पण अधिक कडक रबराची माउंटिंग्ज घेता येतील. पॉलियुरेथेनचा विचार मात्र या गाडीपुरता बाजूला ठेवावा. आपल्याला खटकणारा ढिलेपणा मूळ रबर मऊ होते म्हणून आलेला नाही, तर ते जुने होऊन बसले किंवा फाटले म्हणून आलेला आहे. या दोन गोष्टींची गल्लत करून लोक गरजेपेक्षा कडक माल विकत घेतात आणि मग वर्षभर कुरकुरत गाडी चालवतात.

खर्च करण्याआधी निदान पक्के करून घ्यावे. बॉनेट उघडून, हँडब्रेक ओढून आणि पायाचा ब्रेक दाबून ठेवून पहिल्या गिअरमध्ये क्लच किंचित सोडावा व इंजिन एका बाजूने किती उचलले जाते, ते दुसऱ्या व्यक्तीने गाडीच्या बाजूला उभे राहून पाहावे. गाडीसमोर कोणीही उभे राहू नये. हीच चाचणी रिव्हर्समध्ये केली की दुसऱ्या बाजूचे माउंटिंग उघडे पडते. त्यानंतर गाडी वर घेऊन टॉर्चच्या उजेडात रबर आणि धातूची पट्टी जिथे जोडलेली असतात ती कड तपासावी, कारण रबर बहुधा तिथूनच सुटू लागते आणि वरून पाहणाऱ्याला ते धडधाकट वाटते. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनातून तापलेला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या, बाजूचे माउंटिंग उष्णतेने लवकर कडक होऊन तडकते, म्हणून त्याकडे अधिक लक्ष द्यावे. रबरावर तेल ओघळलेले दिसल्यास ती गळती आधी थांबवावी; तेलाने नैसर्गिक रबर फुगते व मऊ पडते, आणि मग नवे माउंटिंगही फार काळ तग धरत नाही. केवळ थरथर असेल आणि इंजिन फारसे हलत नसेल, तर स्पार्क प्लग आणि त्यांच्या वायरींपासून सुरुवात करावी. एक सिलिंडर नीट पेटत नसेल तर जगातले कोणतेही माउंटिंग ती थरथर लपवू शकत नाही.

आता कडकपणाविषयी. चार सिलिंडरच्या सरळ रांगेतील इंजिनात मुख्य कंप क्रँकशाफ्टच्या (इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्याच्या) एका फेऱ्यात दोनदा येतो. आपली गाडी आयडलिंगला, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन नुसते चालू असताना, मिनिटाला सुमारे ८५० फेरे घेते, म्हणजे हा कंप सेकंदाला साधारण २८ वेळा होतो. माउंटिंगवर बसवलेल्या इंजिनाची स्वतःची एक नैसर्गिक वारंवारता असते, आणि येणारा कंप तिच्या सुमारे १.४ पटींहून अधिक असेल तरच माउंटिंग तो अडवते. त्याखाली अडवणे दूरच, उलट ते तो वाढवते. उदाहरणादाखल ही नैसर्गिक वारंवारता मूळ रबरावर सेकंदाला १२ धरली, तर १७ च्या वरचे सारे कंप कमी होतात आणि २८ चा कंप त्यात आरामात बसतो. माउंटिंग चौपट कडक केले की ही वारंवारता दुप्पट, म्हणजे २४ होते, सीमा ३४ वर जाते आणि आयडलिंगचा कंप नेमका वाढीच्या पट्ट्यात सापडतो. पॉलियुरेथेन बसवलेले पुष्कळजण आयडलिंग १००० पर्यंत चढवून घेतात त्याचे कारण हेच आहे; तेवढ्याने कंप सेकंदाला ३३ पर्यंत पोहोचतो आणि थोडा आराम पडतो, पण पेट्रोल उगाच जळते.

विक्रेते शोअर-ए मापनावरील आकडे दाखवतात. हे आकडे फक्त पदार्थाचा कठीणपणा सांगतात. माउंटिंग प्रत्यक्षात किती दबेल हे रबराच्या आकारावर, जाडीवर आणि आत सोडलेल्या पोकळीवर अवलंबून असते. सारख्याच आकड्याची दोन माउंटिंग्ज गाडीत अगदी वेगळी वागू शकतात.

एमएक्स-५ च्या बाबतीत आणखी एक गोष्ट विचारात घ्यावी लागते. या गाडीत गिअरबॉक्स आणि मागचा डिफरन्शियल (इंजिनाची ताकद दोन चाकांत वाटणारा गिअरसंच) यांना जोडणारी ॲल्युमिनियमची एक लांब तुळई असते आणि त्यामुळे गिअरबॉक्सला वेगळे माउंटिंगच नाही. पुढे इंजिनाची दोन आणि मागे डिफरन्शियलची दोन, अशा चार आधारांवर हा सगळा सांगाडा लोंबकळतो. ॲक्सिलरेटर दाबताच डिफरन्शियलचे नाक उचलले जाण्याची प्रवृत्ती ही तुळईच रोखते, आणि या गाडीचा जो तत्पर प्रतिसाद सर्वांना आवडतो त्यात तिचा वाटा मोठा आहे. म्हणून इतर गाड्यांत कडक माउंटिंग्जमुळे जाणवणारा फायदा येथे कमी जाणवतो, थरथर मात्र पूर्ण पदरात पडते. दांड्याची झोकांडी नव्या रबरानंतरही राहिली, तर डिफरन्शियलचे बुश (आधारांमधील रबरी नळकांडी) तपासावेत.

बदलताना दोन्ही माउंटिंग्ज एकदमच बदलावीत. गॅरेजने इंजिन उचलताना जॅक आणि ऑइल संप (इंजिनाखालची तेलाची टाकी) यांच्यामध्ये लाकडी फळी ठेवावी, आणि पंखा, रेडिएटरचे पाइप व एक्झॉस्ट यांवर ताण येत नाही ना, हे पाहत थोडे थोडेच उचलावे. बोल्ट सैल ठेवून इंजिन स्वतःच्या वजनावर बसू द्यावे आणि मगच ते वर्कशॉप मॅन्युअलमधील टॉर्कप्रमाणे (पिळण्याच्या जोराप्रमाणे) आवळावेत. घाईने आधीच आवळले तर नवे रबर पहिल्या दिवसापासून पिळलेले राहते. सुटे भाग गाडीच्या चेसिस क्रमांकावरून मागवावेत, आणि वर्षानुवर्षे गोदामात पडलेला माल स्वस्त मिळाला तरी घेऊ नये, कारण रबर न वापरताही जुने होते. ब्रिटनमधील गाड्यांच्या वार्षिक एमओटी तपासणीत इंजिन माउंटिंग्ज पाहिली जातात, त्यामुळे हे काम त्याआधी उरकणे सोयीचे ठरेल.

प्रश्न : पुण्यात माझी २०१७ ची ऑक्टाव्हिया आरएस आहे. जोरात गाडी उचलली की पुढची चाके उसळतात आणि खालून ‘ठक’ असा आवाज येतो. सर्व माउंटिंग्ज कडक घ्यावीत का?

उत्तर : सर्व नव्हे. आपल्या गाडीत इंजिन आडवे बसवलेले आहे आणि डिफरन्शियल गिअरबॉक्समध्येच आहे, त्यामुळे ३५० न्यूटन-मीटरचा टॉर्क पहिल्या गिअरमध्ये दहा पटींहून अधिक वाढल्यावर त्याची उलटी प्रतिक्रिया थेट माउंटिंग्जना सोसावी लागते. वरची दोन माउंटिंग्ज मुख्यतः वजन पेलतात, तर इंजिनाचे मागेपुढे झुलणे गिअरबॉक्सखालचा आडवा दांडा रोखतो. आपले गॅरेजवाले त्याला ‘डॉगबोन’ म्हणत असतील. त्याचा बुश आधी तपासावा आणि गेला असल्यास फक्त तेवढाच, हवा तर किंचित कडक प्रकारचा, बसवावा. कंप बव्हंशी वरच्या मऊ माउंटिंग्जमध्ये जिरत असल्याने ती मूळचीच ठेवावीत. या दांड्याचे बोल्ट ठरावीक टॉर्कनंतर आणखी एका कोनात फिरवून आवळायचे असतात, त्यामुळे एकदा काढलेले बोल्ट पुन्हा न वापरता नवेच लावण्याची सूचना गॅरेजला द्यावी.