दुबई की मेळघाट?

प्रश्न : मी बी.एस्सी., बी.एड. मेळघाटात जिल्हा परिषद शाळेत शिक्षण सेवक आहे, दुसरं वर्ष सुरू आहे. मानधन १६,००० रुपये. एजंट दुबईच्या शाळेचं सांगतो, "आधी व्हिजिट व्हिसावर चला." जाऊ का?

उत्तर : व्हिजिट व्हिसावर मुळीच जाऊ नका. त्यावर तिथे नोकरी करणं बेकायदा आहे. पगार थकला तर दाद मागायचीही चोरी. एजंटचा परवाना परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. सेवाशुल्काची मर्यादा ३०,००० रुपये अधिक जीएसटी आहे. जास्त मागितले तर तिथेच थांबा.

खरा वेळ जातो कागदांत. दुबईला अपोस्टिल, म्हणजे अनेक देशांत चालणारं एकच प्रमाणन, चालत नाही. पदवी आधी राज्य शासनाकडून, मग परराष्ट्र मंत्रालय आणि त्यानंतर संयुक्त अरब अमिरातीच्या दूतावासाकडून साक्षांकित करावी लागते. आपल्या गुणपत्रिकेवर आडनावापासून पूर्ण नाव सलग, पासपोर्टवर आडनाव आणि नाव वेगळ्या रकान्यांत. या फरकावरून कागद अडतात, म्हणून नाव आधीच जुळवून घ्या.

करारात घरभाडं, परतीचं तिकीट आणि नोटिशीची मुदत लेखी हवी.

आमचं मत विचाराल तर शिक्षण सेवकाची तीन वर्षं पुरी करा. नियमित वेतनश्रेणी त्यानंतरच मिळते. आता राजीनामा दिलात, तर परतल्यावर पुन्हा शिक्षक अभियोग्यता चाचणी आणि शिक्षक भरतीचं पवित्र पोर्टल. तोवर तिथल्या आदिवासींची कोरकू भाषा थोडी शिका. वर्गात मुलं बोलती होतील.