कळसूबाई शिखराचा ‘स्वच्छ’ फोटो हवाय; त्यात देऊळ, शिड्या, झेंडे येऊ नयेत म्हणून काय करावं?

टाळता येतात. नवरात्र आणि शनिवार-रविवार सोडून जा, लांबूनच टेलिफोटोने, म्हणजे दूरचं जवळ आणणाऱ्या लेन्सने, नुसती डोंगराची धार घ्या. पण ‘स्वच्छ’ फोटोसाठी हे सगळं नको, असं जे तुम्ही लिहिलंय ते मला पटत नाही.

माझं आजोळ त्याच डोंगराच्या पायथ्याचं. एका नवरात्रात मी लोखंडी शिडी चढणाऱ्या बायकांचा फोटो काढला होता. पदर कमरेला खोचलेले, पाय अनवाणी, एकीच्या खांद्यावरच्या पिशवीतून नारळाची शेंडी बाहेर आलेली, आणि मागे खोल दरी. एका स्पर्धेत तो ‘निसर्ग’ विभागात दिला. परीक्षक सगळ्यांसमोर म्हणाले, माणसं कापा, मग हा निसर्ग होईल. मी तिथेच भांडलो. आजही भांडेन.

१६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, एवढंच बाहेरच्यांना माहीत असतं. गावात सांगतात ते वेगळं. कळसू नावाची पोर कामाला राहिली ती अट घालून: भांडी घासणार नाही, केर काढणार नाही. एक दिवस ती कामं तिच्याकडून करून घेतलीच. तशी ती डोंगरावर निघून गेली, ती परत आलीच नाही. भांडी घासली ती जागा थाळेमेळ. म्हणजे डोंगर तिचा, आणि वर देऊळ आहे ते तिच्या घरी. ते कापून तुम्ही नेमका कशाचा फोटो काढणार?

पायथ्याच्या एका घराच्या भिंतीवर चुन्याने डोंगर काढलेला मी पाहिलाय. देऊळ डोंगराच्या निम्मं, शिडीच्या पायऱ्या एकेक मोजून घ्याव्यात अशा, झेंडा थेट छपराच्या वाशाला टेकलेला. खरं देऊळ दोन-चार माणसांत भरून जाईल एवढंच आहे. ज्यांचा डोंगर आहे त्यांना तो असा दिसतो. अशा भिंती, चहाच्या टपरीवरचे रंगवलेले बोर्ड, दगडावर शेंदराने लिहिलेली नावं यांचे फोटो काढा. ३५ एमएमची लेन्स पुरते, आणि भिंतीसोबत मागचा खरा डोंगरही फ्रेममध्ये घ्या.

प्लास्टिकचा कचरा मात्र खुशाल टाळा, त्याची बाजू मी घेत नाही. घराच्या भिंतीचा फोटो घरच्यांना विचारूनच काढा. अभयारण्य आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय ड्रोन उडवू नका.

आणि स्पर्धेला द्याल तेव्हा ‘लोकजीवन’मध्ये नको, ‘निसर्ग’मध्येच द्या.