गाडी दिसत नाही, मग फाटक बंद का?

प्रश्न : चांदरच्या रेल्वे फाटकावरून रोज ये-जा करावी लागते. गाडीचा पत्ता नसतो आणि फाटक मात्र बंद. दुचाकीवाले दांड्याखालून वाकून निघून जातात. गेटमनने फाटक थोडे उशिरा पाडले तर काय बिघडते? आणि मोटार नेमकी रुळांवर बंद पडली तर काय करायचे?
– एक वाचक, चांदर

उत्तर : फाटक केव्हा पाडायचे हे एकट्या गेटमनच्या हातात नसते. सिग्नलला जोडलेल्या फाटकाचे दोन्ही दांडे खाली येऊन कुलूपबंद झाल्याशिवाय गाडीला हिरवा सिग्नल मिळतच नाही, आणि तो मिळाल्यावर गाडी जाईपर्यंत दांडा उचलता येत नाही. दांडा पडतापडता एखादी पिकअप आत घुसली, की तो अर्ध्यावर अडतो आणि सिग्नल लालच राहतो. कोळशाची मालगाडी अशी एकदा थांबली की पुन्हा वेग घेईपर्यंत सगळेच ताटकळतात. समोरून येणाऱ्यांची बाजू अडवून उभे राहणारेही तेवढेच दोषी. फाटक उघडताच दोन्हीकडची गर्दी रुळांवरच समोरासमोर येते, आणि पुढच्या गाडीसाठी दांडा पाडायला जागा उरत नाही.

बंद फाटक परस्पर उघडल्यास १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १६० खाली ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, तोडल्यास ५.

मोटार बंद पडली तर आधी सगळ्यांनी उतरावे. सामान राहू द्यावे. गेटमनला लगेच हाक मारावी. सिग्नल लाल करणे आणि स्टेशनला फोन करणे त्याचे काम. गाडी जवळ आली असेल तर तो लाल बावटा, रात्री लाल दिवा घेऊन रुळांच्या कडेने पुढे जातो आणि ६०० मीटरवर एक, १२०० मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन फटाके रुळावर लावतो; चाकाखाली ते मोठ्याने फुटतात आणि चालक सावध होतो. एवढ्या लांब, कारण वेगातली गाडी थांबायला किलोमीटरभर लागू शकतो. गाडी अजून लांब आहे असे गेटमनने सांगितले, तरच गिअर न्यूट्रल करून मोटार ढकलावी.

राहिला रस्ता. रुळालगत चाकाच्या कडेसाठी साधारण ५ सेंटीमीटरची खाच असते. फाटक तिरके असेल तर सायकलचे चाक त्यात सहज अडकते, आणि पावसात ओल्या रुळावरून स्कूटर घसरते. म्हणून रूळ काटकोनात ओलांडावेत, रुळावर असताना ब्रेक दाबू नये. रुळांमधला रस्ता उखडला असेल तर फाटकाचा क्रमांक सांगून १३९ वर तक्रार करा. रेल्वेच्या हद्दीबाहेरचे खड्डे मात्र बांधकाम खात्याचे किंवा पंचायतीचे.